विश्लेषण : ट्रॅक्टरवाल्याने फेरारीचा क्लच उघडला आणि लॅम्बोर्गिनी जन्मली? कोण होते फेरुचिओ लॅम्बोर्गिनी?

घाट चढताना एक्सलेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र वेग घेत नाही. थोड्या वेळाने जळका वास येतो. पुण्यातला कुठलाही जाणता मेकॅनिक एवढ्यावरूनच सांगेल, क्लच स्लिप होतोय. साधारण ६५ वर्षांपूर्वी इटलीत एका फेरारीच्या मालकाची हीच तक्रार होती. हा मालक ट्रॅक्टर बनवायचा. त्याचे नाव फेरुचिओ लॅम्बोर्गिनी.

फेरुचिओ लॅम्बोर्गिनी कोण होते?

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी उत्तर इटलीतील चेंटोजवळच्या रेनात्झो गावी झाला. घरी द्राक्षशेती होती, पण मुलाचा ओढा यंत्रांकडे. बोलोन्याजवळ त्यांनी यंत्रकामाचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात इटालियन हवाई दलात भरती झाल्यावर त्यांची रवानगी ऱ्होड्स बेटावर झाली. तिथे लष्करी वाहनांची दुरुस्ती हे त्यांचे काम होते. बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर ते युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये घरी परतले. पुढच्याच वर्षी मुलगा टोनिनोच्या जन्मावेळी पत्नी क्लेलिया यांचे निधन झाले.

ट्रॅक्टरचा धंदा कसा सुरू झाला?

युद्धानंतर इटलीतील शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते, पण परवडणारे नव्हते. दुसरीकडे लष्कराची निकामी वाहने भंगारात पडून होती. लॅम्बोर्गिनींनी त्यांची इंजिने आणि सुटे भाग घेऊन ट्रॅक्टर बांधले. इंजिन पेट्रोलवर सुरू करून नंतर स्वस्त इंधनावर चालवण्याची सोयही त्यांनी केली. १९४८ मध्ये ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी स्वतः बदल केलेली छोटी फियाट घेऊन ते मिले मिलिया शर्यतीत उतरले, पण रस्त्याकडेच्या एका उपाहारगृहावर आदळून त्यांची शर्यत संपली. पुढे घर तापवणाऱ्या बर्नरचाही कारखाना निघाला. १९५०चे दशक संपताना ते श्रीमंत उद्योजक होते आणि दारात फेरारी २५० जीटी उभी होती.

क्लचची भानगड काय होती?

लॅम्बोर्गिनी यांनी नंतर मुलाखतींत सांगितल्यानुसार, या गाडीचा क्लच वारंवार खराब व्हायचा. प्रत्येक वेळी गाडी मारानेल्लो येथील फेरारीच्या कारखान्यात न्यावी लागे. दुरुस्ती होई, काही दिवसांनी दुखणे परत. अखेर त्यांनी आपल्या ट्रॅक्टर कारखान्यातील मेकॅनिककडून गाडी उघडून घेतली. आत निघाला तो त्यांच्याच ट्रॅक्टरमध्ये वापरतात तशा जातीचा क्लच. मग त्यांनी त्याहून मोठा क्लच बसवला आणि तक्रार मिटली.

मोठ्या क्लचने फरक का पडतो?

इंजिनाचे फ्लायव्हील आणि स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट चिमटलेली असते. तिच्या घर्षणावरच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. ही पकड तीन गोष्टींवर ठरते : स्प्रिंगचा दाब, अस्तराचे घर्षण आणि प्लेटचा व्यास. व्यास वाढला की तेवढ्याच दाबात जास्त ताकद पेलते. इंजिन दमदार आणि क्लच लहान असेल, तर प्लेट कितीही वेळा बदला, ती पुन्हा घसरणारच.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी काय पाहावे?

आधी दुखणे ओळखावे. आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतोय. वरच्या गिअरमध्ये चढावर हे चटकन कळते. पण पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडताना करकर होत असेल, तर क्लच नीट सुटत नाही. तिथे केबल, मास्टर सिलिंडर किंवा पेडलची सेटिंग तपासावी लागते. घसरणाऱ्या क्लचमध्ये पेडलला थोडा मोकळा खेळ आहे का, ऑइल सील गळून प्लेटला तेल लागले आहे का आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग जळला आहे का, हे नवी प्लेट टाकण्याआधी पाहावे. मोठा क्लच हा सरसकट उपाय नाही. दाब वाढवला तर पेडल जड होते आणि झटक्यांचा ताण गिअरबॉक्सवर जातो. सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर कोणताही क्लच टिकत नाही.

एन्झो फेरारींशी वाद झाला होता का?

लॅम्बोर्गिनी सांगत, की त्यांनी ही तक्रार थेट एन्झो फेरारींच्या कानावर घातली. त्यावर, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला फेरारी चालवता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. हा किस्सा प्रामुख्याने लॅम्बोर्गिनींच्याच कथनावर उभा आहे, हे लक्षात ठेवायला हवे. शिवाय केवळ अपमान हे कारण नव्हते. ट्रॅक्टरसारखेच भाग महागड्या गाडीत गेले की नफा कितीतरी वाढतो, हा हिशेबही या कारखानदाराने केला होता.

पुढे काय घडले?

१९६३ मध्ये सांत'आगाता बोलोन्येसे येथे मोटार कारखाना सुरू झाला. फेरारीतून बाहेर पडलेले अभियंते जोत्तो बिझारिनी यांनी साडेतीन लिटरचे व्ही-१२ इंजिन आखले. १९६४ मध्ये ३५० जीटी आली. १९६६ मध्ये जिनिव्हात सादर झालेल्या मिउराने इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवून जगाला चकित केले. पण बोलिव्हियाची ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द झाली आणि आर्थिक ओढाताण सुरू झाली. लॅम्बोर्गिनींनी ट्रॅक्टर कंपनी सामे या कंपनीला विकली. मोटार कंपनीतील ५१ टक्के हिस्सा १९७२ मध्ये आणि उरलेला १९७४ मध्ये विकून ते मोकळे झाले.

त्यानंतर ते उंब्रिया प्रांतात ट्रासिमेनो सरोवराजवळ द्राक्षमळा करून राहिले. २० फेब्रुवारी १९९३ रोजी पेरुजा येथे वयाच्या ७६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९९८ मध्ये ऑडीने मोटार कंपनी घेतली. त्यामुळे ती आज फोक्सवॅगन समूहात आहे, ज्याचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर मात्र वेगळी कंपनी बनवते आणि ते अजूनही शेतात चालतात.