वडिलांचा बेत आणि सरोजिनी

आपल्या बेटावर एच. एस. सी.चा निकाल लागला की घरोघरी आईबापांचे बेत सुरू होतात. मुलांच्या मनात काय आहे ते बहुधा मागाहून कळते. सरोजिनी नायडूंना आपण पुढारी व कवयित्री म्हणून ओळखतो, पण असाच एक बेत त्यांच्या माहेरीही मोडला होता.

१३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगाली ब्राह्मण, एडिंबरोहून विज्ञानाची डॉक्टरेट घेऊन आलेले. थोरली लेक गणिती अथवा शास्त्रज्ञ व्हावी अशी त्यांची फार इच्छा. लेक हुशार होतीच. बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक पास झाली. पण त्याआधीच, अकराव्या वर्षी, बीजगणिताचे उदाहरण सुटेना तेव्हा वहीत कविता उतरली होती. पुढे आजारपणात डॉक्टरांनी पुस्तकाला हात लावू नको म्हटले, तर हिने दोन हजार ओळींचे नाटक लिहून काढले! शास्त्रज्ञ होण्याची गोष्ट तिथेच संपली.

पंधराव्या वर्षी तिचे मन डॉ. गोविंदराजुलू नायडूंवर जडले. तेही एडिंबरोत शिकलेले. पण वयाने बरेच मोठे, भाषा वेगळी, आणि ब्राह्मण नव्हेत. अघोरनाथ ब्राह्मो समाजाचे, सुधारक. तरी घरून विरोध झाला. वाचकहो, त्यांना दोष देणे आम्हांस जड जाते. पंधरा वर्षांची पोर ती!

१८९५ साली निजामाची शिष्यवृत्ती मिळाली आणि मनाविरुद्ध तिला विलायतेला धाडण्यात आले. आधी लंडनचे किंग्ज कॉलेज, मग केंब्रिजचे गर्टन. पदवी काही घेतली नाही. एडमंड गॉस या टीकाकाराने मात्र तिला इंग्रजी पक्ष्यांच्या कविता टाकून स्वतःच्या देशाविषयी लिहावयास सांगितले, आणि तो सल्ला तिने मानला. डॉक्टरांना पत्रे जात राहिली. तीन वर्षे आणि एवढा समुद्र मध्ये येऊनही मन पालटले नाही.

१८९८ साली ती परतली व डिसेंबरात मद्रासला लग्न झाले. तेलुगू सुधारक वीरेशलिंगम पंतुलू यांनी ते लावले. विवाह १८७२ च्या कायद्याखाली झाला, आणि त्या कायद्यात एकवीस वर्षांखालील वधूला पित्याची किंवा पालकाची संमती लागे. सरोजिनी तेव्हा एकोणीस वर्षांची. म्हणजे घरचा होकार मिळाल्यावाचून हे लग्न होणेच शक्य नव्हते. ती पळून गेली नाही, थांबली. आणि घरच्यांनीही अखेर हात आखडला नाही. आम्हांस या हकीकतीत हेच मोठे वाटते.

पुढे चार मुले झाली, १९०५ मध्ये पहिला मोठा काव्यसंग्रह आला, १९२५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद आणि १९४७ मध्ये संयुक्त प्रांताचे राज्यपालपद. २ मार्च १९४९ रोजी लखनौत त्या वारल्या.

अघोरनाथ १९१५ सालीच गेले होते. त्यांना वंदन करणारी लेकीची कविता १९१७ च्या 'द ब्रोकन विंग' या संग्रहात आहे.