मुंबईत प्लेग आला, आणि लशीची पहिली सुई हाफकिन यांनी स्वतःलाच टोचली

लस माणसाला देण्याआधी ती कुणावर तरी तपासावी लागते. आज त्यासाठी निरोगी स्वयंसेवक निवडतात, त्यांना धोके समजावतात, लेखी संमती घेतात. 1897च्या मुंबईत यातलं फारसं काही नव्हतं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860चा, ओडेसाच्या ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना आधी ग्रंथालयात काम मिळालं. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. लोक शहर सोडून पळत होते. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये कामासाठी छोटीशी जागा मिळाली. अवघ्या तीनेक महिन्यांत लस तयार! 10 जानेवारी 1897 ला त्यांनी 10 मिलिलिटर लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते बरे झाले.

पण एका माणसावरून काय सिद्ध होणार? लस सुरक्षित वाटते, एवढंच. ती प्लेग थांबवते का, हे कळायला लस घेतलेले आणि न घेतलेले, एकाच ठिकाणी राहणारे लोक हवे होते. ते मिळाले भायखळ्याच्या तुरुंगात. तिथे प्लेग शिरला होता. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली. हाफकिन यांच्या नोंदींनुसार, लस दिल्याचा दिवस सोडला तर या कैद्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांपैकी 12 जण आजारी पडले, 6 दगावले.

हे कैदी स्वखुशीने पुढे आले, असं सांगितलं जातं. पण गजाआड असलेला माणूस खरंच नाही म्हणू शकतो का? आज आयसीएमआरचे नियम कैद्यांना असुरक्षित गटात धरतात आणि त्यांच्यावरच्या संशोधनासाठी जादा काळजी घ्यायला सांगतात.

लोकांच्या मनातली भीती घालवायला आगाखान यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली, त्यानंतर हजारो खोजांनीही घेतली.

मग 1902 उजाडलं. पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस दिली, त्यातले 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतली. दोष आला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर, त्यांना निलंबित केलं गेलं. पण ती बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा कुठे 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

ते भारतात परतले, पण मुंबईत नाही, कोलकात्यात. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं. परळच्या प्रयोगशाळेला मात्र त्याआधीच, 1925 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं होतं. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.