पंडिता रमाबाई : आश्रयाकडून आत्मशांतीकडे

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराचा विचार मराठीत बहुधा वादाच्या अंगानेच झाला आहे. त्यामुळे त्या घटनेमागील आंतरिक वेदना आणि ती शमविण्यासाठी त्यांनी केलेला दीर्घ शोध यांकडे तुलनेने कमी लक्ष गेले. हा शोध 1883 मधील बाप्तिस्म्याने संपला नाही. खऱ्या अर्थाने तो तेथून सुरू झाला.

रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. पुराणकथन करीत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील अन्नाविना गेले. पुढे थोरली बहीणही गेली. व्रते, दाने आणि अनुष्ठाने करूनही देवाने हाक ऐकली नाही, हा अनुभव त्यांच्या श्रद्धेच्या मुळावरच आला. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या, तरी ही पोकळी भरून निघाली नाही. 1880 मध्ये बंधू श्रीनिवास आणि 1882 च्या आरंभी पती बिपिनबिहारी दास मेधावी यांचे निधन झाले. विधवा रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाची तरतूद झाली.

वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. संघाने लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले कार्य त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीला शिक्षेऐवजी शुश्रूषा मिळते, हे दृश्य त्यांना नवे होते. येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना याच संदर्भात उमगली. तत्त्वचर्चेने जे साधले नव्हते ते या करुणेने साधले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या आत्मघाताचा आघातही याच काळातला. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु आश्रय देणाऱ्या समुदायाची आज्ञाधारकतेची अपेक्षा रमाबाईंना मानवली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी प्रश्न विचारले, शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा आक्षेप घेतला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या संघर्षाची साक्ष देतो. एका धर्मसत्तेच्या बंधनातून सुटून दुसरीच्या बंधनात शिरणे त्यांना मान्य नव्हते. तरीही जेराल्डिन यांच्याशी असलेला स्नेहबंध त्यांनी तोडला नाही. मतभेद आणि ममत्व एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या श्रद्धेचे एक लक्षणच ठरले.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील मित्रमंडळाच्या साहाय्याने 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढे ते पुण्यास हलविले. गोदूबाई, म्हणजे पुढील आनंदीबाई कर्वे, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनाचे धोरण धर्मनिरपेक्ष होते. मात्र रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेचे दार बंद नसे आणि काही मुली तीत बसत. याच काळात, 1891 मध्ये, विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही, हे त्यांना जाणवले. बौद्धिक संमती आणि आत्मिक शांती यांतील अंतर त्यांनी स्वतःशी कबूल केले. 1893 मध्ये ‘केसरी’ची टीका तीव्र झाली. रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले आणि अनेक मुली घरी परतल्या. ज्या शांतीने त्यांना सावरले, तिनेच पुण्यातील सुधारकांशी असलेला त्यांचा बंध तोडला.

1896–97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या स्त्रीने हे कार्य करणे म्हणजे आपल्याच दुःखाला उत्तर देणे होते. केडगावच्या मुक्तिसदनात शेती, विणकाम आणि छपाई हे प्रार्थनेइतकेच महत्त्वाचे मानले गेले. पतितांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलहॅमचे बीज येथे रुजले. 1905 मध्ये सदनात झालेल्या आत्मिक जागृतीत मुली सामूहिक प्रार्थनेत रडल्या, पश्चात्तापाने उचंबळल्या. बाहेरच्यांना ते चमत्कारिक वाटले. आयुष्यभर रडण्याची मुभा नसलेल्या मुलींच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा असू शकतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला रमाबाईंचे अखेरचे कार्य विशेष महत्त्वाचे वाटावे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी भाषा हवी, पण वेदान्ताचे अर्थ चिकटलेले शब्द नकोत, असा त्यांचा आग्रह होता. संस्कृतच्या पंडितेने आपलाच भाषिक वारसा असा दूर सारावा, हा त्यागही होता आणि अनुवादाची मर्यादाही. कारण मराठीत भक्तीची भाषा त्याच शब्दांवर पोसलेली आहे. त्यांच्या संस्थेचे ‘मुक्ती’ हे नावही त्याच वारशातून आलेले आहे.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. कन्येच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी मुद्रितशोधनाचे काम थांबविले नाही आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. तोवर अनुवाद पुरा झाला होता आणि तो छापणारे हात मुक्तिसदनातील स्त्रियांचे होते.