चित्रमहर्षी दादासाहेब फाळके आणि फिल्मची फीत

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र चित्र आणि यंत्र यांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, पुढे छपाईच्या धंद्यात नाव मिळवले. भागीदारांशी मतभेद झाल्यावर चाळिशीत तो धंदाही सोडला.

याच सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना राम-कृष्णही असेच पडद्यावर अवतरावेत, या ध्यासाने त्यांना घेरले. अखंड अभ्यास आणि जागरणे यांमुळे काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते इंग्लंडला गेले आणि ही विद्या शिकून आले. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्रही त्यांनी मागवले.

भांडवलदारांचा विश्वास मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट ठरावीक अंतराने टिपली. पडद्यावर बीजातून वेल उभी राहिली आणि पैशाची वाट मोकळी झाली. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

फिल्मवर चित्रपट करणे म्हणजे काय, हे ‘राजा हरिश्चंद्र’च्या लांबीवरून कळते. तो सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुमारे ५९,००० चित्रे. आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. कच्च्या फिल्मला ही छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करीत. रसायने कालवणे, फिल्म धुणे हेही त्या शिकल्या होत्या. दिवसा सूर्यप्रकाशात चित्रण चाले, तेव्हा पांढरी चादर धरून उजेड पात्रांवर वळवण्यासही त्या उभ्या राहत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे असे.

टिपलेले दृश्य कसे उतरले, हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नसे. चूक झाली तर फिल्म वाया, आणि फिल्म म्हणजे उसनवारीचा पैसा. म्हणून कॅमेऱ्याचा दांडा फिरवण्यापूर्वीच दृश्य मनात पूर्ण रचावे लागे. आज डिजिटल कॅमेऱ्यात दृश्य तत्क्षणी दिसते, पुसता येते, पुन्हा टिपता येते. तरीही काही दिग्दर्शक हट्टाने फिल्मकडे वळतात, ते तिच्या पोतासाठी जितके, तितकेच या पूर्वतयारीच्या शिस्तीसाठी.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पाठोपाठ ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांनी लोकांना वेड लावले. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली होती. परंतु १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि मूकपटाच्या या आद्य पुरुषाला नवे तंत्र परके ठरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा बोलपट त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, आर्थिक विपन्नावस्थेत, त्यांचे निधन झाले.

ज्या फिल्मवर त्यांनी सर्वस्व वेचले, ती नायट्रेटची होती. ती चटकन पेट घेई आणि काळाबरोबर आपोआप विघटित होई. त्यामुळे त्यांच्या बहुतेक चित्रपटांचा आज मागमूस नाही. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी शोध घेऊन काही भाग मिळवले. ‘राजा हरिश्चंद्र’चे तुकडे आणि बालकृष्णाच्या लीला आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात, त्या डिजिटल प्रतींमुळे.

एका तंत्राने दादासाहेबांना मागे टाकले. त्यांचे उरलेसुरले काम मात्र दुसऱ्या नव्या तंत्राने हजारो घरांत पोहोचवले. जुने आणि नवे यांचे वैर असतेच असे नाही. साधन बदलते, अंधाऱ्या खोलीत एकेक छिद्र पाडीत बसण्याची चिकाटी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.