एका भेटग्रंथाचा प्रवास

ग्रंथाचा संस्कार किती खोल रुजतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रावरून तुमच्या लक्षात येईल. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. वडील रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांनाच विचारले, की बौद्ध वाङ्मयाचा परिचय आम्हांला का करून दिला नाही? पुढे बुद्धविचाराने त्यांची सोबत सोडली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांचा बुद्धविषयक ग्रंथ मरणोत्तर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारण्याचे बळ तुम्हांला कोणत्या पुस्तकाने दिले, याची नोंद करा.