पक्षिमित्र सलीम अली

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर संगमेश्वर वसले आहे. पावसाळा लागला की तेथील भातशेते हिरवीगार होतात. याच दिवसांत कोकणात विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबू लागतात. खोप्याचे सुबक विणकाम पाहून लोकांनी या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले. परंतु खोपा विणतो तो नर. त्या खोप्यात संसार कसा थाटला जातो, याचा उलगडा कोकणच्याच किनाऱ्यावर झाला. तो करणारे थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीम अली होत.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. अगदी लहानपणीच आईबापांचे छत्र हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनी त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत धाडले. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनी पक्ष्याची ओळख तर करून दिलीच. शिवाय पेंढा भरलेले अनेक पक्षीही दाखविले. त्या दिवशी जडलेला छंद जन्मभर टिकला.

पुढे ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक झाले. अधिक शिक्षणासाठी त्यांनी जर्मनी गाठली आणि बर्लिन येथे प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली अभ्यास केला. १९३० साली ते परतले, तो पैशाच्या अभावी त्यांची जागाच रद्द झालेली! विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरी नोकरीही मिळेना. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम गावी राहावयास गेले.

घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रिकामपणाचे दुःख करीत न बसता सलीम अली आडोशाला बसून दिवसचे दिवस त्या पक्ष्यांकडे पाहत राहिले. त्यांना असे दिसले की, नर आपला खोपा अर्धाच विणतो. मग माद्या येतात, खोप्यात शिरून तो पारखतात आणि पसंत पडला तरच तेथे राहतात. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. मादीची पसंती मिळाल्यावर नर खोपा पुरा करून त्याला लांब नळी जोडतो. अंडी उबविण्याचे काम मादीवर सोपवून तो दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे निरीक्षण १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि सलीम अलींचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत मान्यता पावले.

निवडीची ही रीत केवळ पक्ष्यांतच आढळते असे नाही. युरोपात स्टिकलबॅक नावाचा लहानसा मासा आहे. त्याचाही नर पाणवनस्पतींचे घरटे रचतो आणि मादीला तेथवर वाट दाखवितो. आपले भाऊबंद कोणते, हे तो मासा वासावरून ओळखू शकतो, असेही पुढे संशोधकांना आढळून आले. अशा गोष्टी नुसत्या तर्काने उमगत नाहीत. त्यांसाठी जिवंत प्राण्यांकडे धीराने पाहावे लागते.

१९३९ साली तेहमिना निवर्तल्या. हा आघात सोसूनही सलीम अलींनी आपले कार्य सोडले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ले यांच्यासमवेत त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. १९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. २० जून १९८७ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

ज्या वर्षी त्यांची नोकरी गेली, त्याच वर्षी त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला. हाती काही नसतानाही त्यांचे डोळे उघडे होते, हेच त्यांचे खरे धन होय.