दुसऱ्यांदा आकाशात

लोहगावची लढाऊ विमाने पिंपरी-चिंचवडवरून गर्जत जातात, तेव्हा पोरेसोरे अजूनही गच्चीकडे धावतात. या आकर्षणाची किंमत काय असते, असा विचार मनात आला की मला इंद्रलाल रॉय आठवतो. पहिल्या महायुद्धात लढलेला हा भारतीय वैमानिक अवघी 19 वर्षे जगला.

2 डिसेंबर 1898 रोजी कोलकात्यात त्याचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर, तर आई ललिता स्त्रियांच्या मताधिकारासाठी लंडनच्या रस्त्यावर उतरलेली. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेल्या इंद्रलालने हवाई दलाकडे अर्ज केला. दृष्टी अधू म्हणून तो फेटाळला गेला. पठ्ठ्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घेतले आणि निर्णय फिरवून आणला! जुलै 1917 मध्ये तो अधिकारी झाला.

ऑक्टोबरअखेर तो फ्रान्समध्ये 56 क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाला. आघाडीवर असूनही तो अजून शिकाऊच होता आणि एकआसनी विमानात चूक सावरायला गुरू शेजारी नसे. 6 डिसेंबरला त्याचे विमान कोसळले. मेला असे समजून त्याला शवागारात ठेवले आणि शुद्धीवर येताच त्याने दार ठोठावले, अशी कथा सांगतात. कथेचे काहीही असो, दुखापत गंभीर होती. डॉक्टरांनी त्याला उड्डाणास अपात्र ठरवले.

त्याची खरी जिद्द मला दिसते ती पुढच्या सहा महिन्यांत. आजारपणात तो विमानांची रेखाचित्रे काढत राहिला आणि वरिष्ठांचा पिच्छा पुरवत राहिला. जून 1918 मध्ये तो 40 क्रमांकाच्या तुकडीतून पुन्हा उडू लागला. 6 ते 19 जुलै या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर 10 विजय लागले. 22 जुलैला कार्व्हिनच्या आकाशात जर्मन विमानांशी लढताना तो पडला. त्याच दलातला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर जूनअखेर फ्रान्समध्येच धारातीर्थी पडला होता.

इंद्रलालला मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. 1998 मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले. मला मात्र राहून राहून वाटते, डॉक्टरांचा नकार त्याने मुकाट्याने मानला असता, तर त्याला कुणीही भित्रा म्हटले नसते. कदाचित तो म्हातारा होऊन नातवंडांना त्या शवागाराची गोष्ट रंगवून सांगत बसला असता. मृत्यूने एकदा परत केलेला मुलगा ललिताबाईंना दुसऱ्यांदा मिळाला नाही.